कुंभकोणमच्या ओपीडीपर्यंत

कुंभकोणमहून तिरुवारूरच्या रस्त्याला लागलं की साधारण दहा किलोमीटरवर नाचियारकोविल येतं. हे पितळी समयांचं गाव. इथल्या समईला, म्हणजे कुत्तुविळक्कूला, भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि साचे घालण्यासाठी कावेरीकाठची बारीक मातीच लागते, असं कारागीर सांगतात. गावातल्या विष्णुमंदिरात मान आधी देवीचा, मग देवाचा. उत्सवात नाचियार पुढे निघते आणि दगडी गरुडावरचा देव मागून येतो. तो गरुड गाभाऱ्यातून उचलायला चार जण पुरतात, पण बाहेर येईपर्यंत त्याचं वजन वाढत जाऊन एकशे अठ्ठावीस खांदे लागतात, अशी श्रद्धा आहे. मराठी वाचकाला हा मुलूख तसा परका नाही. तंजावरच्या भोसल्यांचं राज्य इथवर होतं, आणि या भागात घरात अजून तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबं आहेत.

या गावातली एक बाई डोळ्यांसमोर आणू. ती काल्पनिक आहे, म्हणून तिला नाव देत नाही. वय सत्तावीस, लग्नाला सहा वर्षं, दोन मुली. नवरा समया ओतणाऱ्या कारखान्यात कामाला, सासू घरात, लावणीच्या दिवसांत ही भाताच्या खाचरात. तिला मानसिक आजार होतो. तिथून ती डॉक्टरांपर्यंत कशी पोचते, किंवा का पोचत नाही, आणि पोचल्यावर काय होतं, हे एकेक पायरी उतरत पाहायचं आहे.

तमिळनाडू मुद्दाम निवडला. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळणारं हे राज्य. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम इथे तिरुचिरापल्लीत १९९०च्या दशकातच सुरू झाला. मे २०२१ पासून साध्या बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही. म्हणजे ‘दवाखाना नाही, पैसे नाहीत, गाडी नाही’ ही नेहमीची तीन कारणं इथे बरीचशी बाजूला होतात. तरीही जी वाट अडते, ती कशानं अडते हे मग स्वच्छ दिसतं.

सुरुवात आजाराच्या आधीपासून करायला हवी. नैराश्य आणि चिंतेचे आजार बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतात. त्याचं खापर हार्मोन्सवर फोडून मोकळं होता येतं, पण गोव्यातल्या एका अभ्यासानं ते अवघड केलं. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात आलेल्या गरोदर बायकांचा विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर पाठपुरावा केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सुमारे २३ टक्के मातांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांत नैराश्य होतं. ते कुणाला जास्त, याची यादी बघा: घरात भूक असलेल्या, नवऱ्याचा मार खाणाऱ्या, आणि आधी मुलगी असताना पुन्हा मुलगी झालेल्या. हार्मोन्स तर सगळ्याच बाळंतिणींचे बदलले होते. आपल्या बाईला दुसरीही मुलगीच झाली आहे, हे इथे लक्षात ठेवावं.

स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र आजाराचं गणित वेगळं. तो बायका-पुरुषांत साधारण सारख्याच प्रमाणात होतो, पण बायकांमध्ये काही वर्षं उशिरा सुरू होतो. वैद्यकाच्या पुस्तकात ही एका ओळीची माहिती असते. आपल्या समाजात तिचा परिणाम मोठा होतो. मुलगा विशीत आजारी पडला तर त्याचं लग्नच लांबतं आणि तो आईबापांच्या घरी राहतो. मुलगी पंचविशीनंतर आजारी पडते तेव्हा ती सासरी असते, पदरात मूल असतं आणि तिला लहानपणापासून ओळखणारं माणूस आसपास नसतं. ‘ही अशी नव्हती’ हे सांगणारं कुणी हवं असतं. सासरचे मात्र म्हणतात, आधीपासूनच असेल, लपवून गळ्यात मारली.

आता आजार ओळखतो कोण? सकाळी उंबऱ्यापुढे कोलमची रांगोळी पडली नाही की शेजारणीच्या लक्षात येतं. स्वयंपाक राहिला, मूल रडत राहिलं की घराच्या लक्षात येतं. बाईचा आजार तिच्या कामातून मोजला जातो. त्यामुळे जिला भास होतात, जी रात्री ओरडते, ती लवकर नजरेत भरते. जी आतून विझत चालली आहे पण यंत्रासारखी कामं उरकते, ती वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही. तिच्या तोंडी मनाची तक्रार नसतेच. कंबर दुखते, हातापायांची आग होते, अंगावरून पांढरं जातं. गोव्यातच अठरा ते पन्नास वर्षांच्या सुमारे अडीच हजार बायकांच्या पाहणीत असं दिसलं की पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी अधिक घट्ट होता. त्या बाईला मिळतात अँटिबायोटिकच्या गोळ्या, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य-चिंतेसारख्या आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. त्यातल्या कितीतरी जणी दवाखान्यात जात असतात. आजार मात्र केसपेपरवर चढत नाही.

आपल्या बाईला भास होऊ लागले आहेत, म्हणून ती दिसली. पहिली खेप डॉक्टरकडे जात नाही. आधी कडुनिंबाचा पाला उतरवला जातो, मग देवळं. कुंभकोणमजवळच तिरुविडैमरुदूरचं महालिंगस्वामींचं मोठं देऊळ आहे. वरगुण पांड्य राजाच्या मागे लागलेली ब्रह्महत्या तिथल्या दारात अडकून राहिली, अशी कथा. त्यामुळे मनाची पीडा घेऊन तिथे जाण्याची रीत. तिरुचिरापल्लीजवळ गुणशीलमच्या वेंकटाचलपतीच्या देवळात रुग्णाला अठ्ठेचाळीस दिवस ठेवतात.

यावर सुशिक्षित माणूस लगेच नाक मुरडतो. मी मुरडणार नाही. तमिळनाडूतल्याच एका लहान देवळात राहिलेल्या ३१ रुग्णांचा अभ्यास २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. औषधाशिवाय, नुसत्या पाच-सहा आठवड्यांच्या मुक्कामानं त्यांची लक्षणं सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास उतरली होती. कारण समजण्यासारखं आहे: तिथे कुणी रागावत नव्हतं, हलकी कामं होती, घरचं माणूस बरोबर होतं. बाईच्या बाजूनं पाहिलं तर देवळाचे आणखी दोन फायदे. देवळात जायला परवानगी काढावी लागत नाही, आणि देवळात केसपेपर निघत नाही. उद्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरायचं असेल तर घराला तो कागद नको असतो.

पण याच वाटेवर एर्वाडीही आहे. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या त्या दर्ग्याभोवती खासगी ‘मनोरुग्ण घरं’ उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे त्यांतल्या एका झोपडीवजा घराला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, आणि आज २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी आहे. साखळी नसली तरी देवळाच्या वाटेचं एक नुकसान राहतंच, वेळेचं. भ्रम-भासांचा आजार जितका काळ औषधाविना राहतो, तितका तो बरा व्हायला जड जातो. देव आणि डॉक्टर यांत भांडण लावण्यापेक्षा एकाच महिन्यात दोन्हीकडे नेलं तर काय बिघडतं? एर्वाडीत पुढे सरकारनं नेमकं तेच केलं: दर्ग्यात दुवा, शेजारीच दवा.

समजा ती कुंभकोणमच्या सरकारी रुग्णालयात निघाली. बस फुकट आहे, पण तिला एकटीला कुणी सोडणार नाही. बरोबर कोण? नवऱ्याचा दिवसाचा रोज बुडतो. सासूचे गुडघे दुखतात. आई दुसऱ्या तालुक्यात. लहान मूल कडेवर घेऊन ओपीडीच्या रांगेत दोन-तीन तास उभं राहायचं, तेही दर महिन्याला, कारण औषध एका वेळी थोडंच मिळतं. घरात पुरुष आजारी पडला तर बायको रोज बुडवून रांगेत उभी राहते आणि त्यात कुणाला विशेष काही वाटत नाही. उलट बाजूनं मात्र दोन-तीन महिन्यांत खेपा विरळ होतात, मग ‘आता बरी आहे की’ म्हणून थांबतात.

खोलीत गेल्यावर बोलतं कोण? सासू. डॉक्टर विचारतात, झोप लागते का? सासू सांगते, नाही लागत, आणि कामही करत नाही. गर्दीत डॉक्टरांच्या हाती पाच मिनिटं असतात, ती या साक्षीत संपतात. घरात मारहाण होत असेल तर ती कागदावर येणार कशी? मारणारा किंवा त्याची आईच शेजारच्या खुर्चीवर. ‘कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवतं’ हे वाक्य भ्रमाचं लक्षणही असू शकतं आणि घरातली वस्तुस्थितीही. दोन्हींतला फरक कळायला तिला एकटीला बोलू द्यावं लागतं.

२०१७च्या त्या कायद्यात यासाठी सोय आहे. प्रौढ रुग्ण साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. तो नवराच असावा असं नाही. बहीण चालते, मैत्रीण चालते. बरी असताना आगाऊ लिहूनही ठेवता येतं की पुन्हा आजारी पडले तर मला अमुक उपचार हवा, तमुक नको. आपली माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आहे. या कायद्याच्या घडणीत पुण्याच्या सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा होता. कागदावर कायदा चांगला आहे. तो कागद नाचियारकोविलच्या घरात कुणी वाचून दाखवलेला नाही, इतकंच.

आता गोळी. इथे जरा रेंगाळायला हवं, कारण बाई आणि गोळी यांच्यातलं भांडण बहुतेक लेखांत ‘रुग्ण औषध घेत नाही’ एवढ्यावर संपवतात. रिस्पेरिडोनसारखी औषधं शरीरात प्रोलॅक्टिन वाढवतात. त्यानं पाळी थांबू शकते, मूल अंगावर पीत नसताना दूध येऊ शकतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर काय होतं? पाळी चुकली म्हणजे दिवस गेले असं घराला वाटतं. दिवस गेले नाहीत असं कळलं की वांझपणाची कुजबुज सुरू होते. क्वचित संशय याहून वाईट असतो. मग ती गुपचूप गोळी बंद करते. आपल्या परीनं तिचा निर्णय तर्काला धरून आहे. ओलान्झापिननं वजन झपाट्यानं वाढतं, रक्तातली साखर वाढू शकते. ‘बसून खाते, म्हणून सुटली’ हे तिनं ऐकून घ्यायचं. झोपेचा अंमल सकाळपर्यंत राहतो आणि तिला पहाटे उठायचं असतं. नवऱ्याला उशिरा उठायची मुभा असते, सुनेला नसते. या सगळ्यावर इलाज आहेत. औषध बदलता येतं, मात्रा कमी करता येते, गोळीची वेळ संध्याकाळी अलीकडे आणता येते. पण त्यासाठी तिनं पाळीबद्दल बोलायला हवं, आणि खोलीत सासरे किंवा दीर बरोबर आला असेल तर ती बोलत नाही.

सोडियम व्हॅल्प्रोएटचं तर वेगळंच. फिट आणि मूडच्या आजारांवर ते सर्रास दिलं जातं. गरोदरपणात ते चालू राहिलं तर साधारण दहात एका बाळात जन्मजात व्यंग येतं, शिवाय बौद्धिक वाढीवरही परिणाम होतो. मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना ते देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. मूल कधी हवं, गर्भनिरोधक कोण वापरणार, हे ज्या बाईच्या हातात नाही तिच्यासाठी ही गोळी इतरांपेक्षा जास्त धोक्याची ठरते. औषध तेच, धोका मात्र घरातल्या सत्तेप्रमाणे कमी-जास्त होतो.

आणि एकदा केसपेपरवर मानसिक आजार लिहिला गेला की बाकीचं शरीर दिसेनासं होतं. छातीत दुखतं म्हटलं, ‘मनाचं आहे.’ स्तनात गाठ लागते म्हटलं, ‘भास असेल.’ तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं लवकर मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांतले बहुसंख्य मृत्यू हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे विकार अशा टाळता येण्याजोग्या रोगांनी होतात.

बाळंतपणाबद्दल थोडक्यात. हजारी एक-दोन बाळंतिणींना पहिल्या काही आठवड्यांत तीव्र वेडसरपणाचा झटका येतो. तो तातडीचा आजार आहे आणि उपचारानं बरा होतो. गरोदरपणात आपली यंत्रणा रक्त तपासते, वजन करते, लोहाच्या गोळ्या मोजून देते; ‘झोप लागते का, रडू येतं का’ हे दोन प्रश्न विचारत नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून साधारणपणे तोडू नये, असं कायदाही म्हणतो. तसे कक्ष देशात बोटांवर मोजण्याइतके.

मग लग्न. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेत डॉ. आर. थारा आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या आणि संसार मोडलेल्या सुमारे पाऊणशे बायकांशी बोलून २००३ साली जे मांडलं, ते आजही तितकंच खरं वाटतं. बहुतेकींचा रीतसर घटस्फोट झालेलाच नव्हता; माहेरी आणून सोडल्या होत्या. पोटगी फार थोड्यांना. आणि त्यांना आजाराच्या कलंकापेक्षा नवऱ्यानं टाकल्याचा कलंक जास्त जाचत होता. आईबापांना एकच घोर: आमच्यामागे हिचं काय?

हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे खरं, पण सर्वोच्च न्यायालयानं १९८८ सालीच रामनारायण गुप्ता खटल्यात स्पष्ट केलं की नुसता ‘स्किझोफ्रेनिया’ हा शिक्का पुरेसा नाही. आजार एकत्र राहणं अशक्य व्हावं इतक्या तीव्रतेचा असल्याचं सिद्ध करावं लागतं. हे कळलेला नवरा कोर्टात जातच नाही. तो तिला बसमध्ये बसवून माहेरी पोचवतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला वाटा तमिळनाडूनं १९८९ साली दिला, महाराष्ट्रानं १९९४ मध्ये, साऱ्या देशानं २००५ मध्ये. माहेरी परतलेल्या आजारी बहिणीच्या पुढे भाऊ हक्कसोडपत्र ठेवतो तेव्हा तिची सही चालते. तीच बाई वाटा मागायला गेली की ‘तिचं डोकं ठिकाणावर नाही’ हे त्याला आठवतं.

शेवटचं दार मनोरुग्णालयाचं. चेन्नईत किल्पॉकची संस्था १७९४ पासूनची. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. उपचार होतात, बाई बरी होते, आणि न्यायला कुणी येत नाही. दिलेला पत्ता खोटा निघतो. नवऱ्यानं दुसरं लग्न केलेलं असतं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेत हाच प्रश्न होता: बरे झालेले लोक अजून आत का? पुढे २०२१ मध्ये महाराष्ट्रात अशा लोकांना भिकारीगृहांत नि वृद्धाश्रमांत हलवलं जात असल्याचं समोर आलं, तेव्हा न्यायालयानं ते थांबवायला सांगितलं. आपल्या राज्याला त्याची लाज वाटायला हवी होती. बातमीही फारशी झाली नाही.

यावर चाललेला उपाय तमिळनाडूतच आहे. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ साली चेन्नईत ‘द बनियन’ सुरू केलं, रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण बायकांसाठी. बऱ्या झालेल्या, पण घर नसलेल्या चार-पाच जणींना साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहू द्यायचं, मदतीला एक जण ठेवायची, बाजारहाट-स्वयंपाक त्यांचा त्यांनी करायचा, असा त्यांचा ‘होम अगेन’चा प्रयोग. कर्जतला भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ रस्त्यावरच्या रुग्णांना बरं करून घरी पोचवते. त्यासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे मिळालं. नाशिक जिल्ह्यात सुरू झालेल्या ‘आत्मीयता’ कार्यक्रमात गावातल्याच माणसांना दुसऱ्याचं ऐकून घ्यायला आणि सरकारी योजनांची कागदपत्रं काढून द्यायला शिकवलं. या सगळ्यांत औषध आहेच. त्याच्या जोडीला छप्पर, सोबत आणि कागदपत्रंही आहेत. तंजावरच्या सरफोजीराजांच्या काळी ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात वाटसरूला जेवण मिळे, मुलांना शाळा आणि आजाऱ्याला औषध. तिन्ही गोष्टी एका छताखाली असाव्यात, हे दोनशे वर्षांपूर्वी या जिल्ह्यात कळलेलं होतं.

नाचियारकोविलच्या बाईसाठी आज, आहे त्या व्यवस्थेत, काय करता येईल? चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर प्रमाणपत्र निघतं आणि त्यावर मासिक मदत मागता येते. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज करता येतो. पैसे तिच्या खात्यात आले की घरातलं तिचं वजन बदलतं. टेलि-मानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक चोवीस तास चालतो. त्यावर तमिळमध्ये बोलता येतं, मराठीतही.

आणि तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर पुढच्या खेपेला तिच्याबरोबर जरूर जा. केसपेपर तिच्या हातात द्या. डॉक्टरांपुढे पाच मिनिटं तिला एकटीला बसू द्या. पाळीबद्दल, वजनाबद्दल, झोपेबद्दल तिचं तिला विचारू द्या. तोवर बाहेरच्या बाकावर तिचं मूल सांभाळा.